मंग?

संध्याकाळी पारावर चार माणसं बसलेली असतात. पाचवा येतो आणि उभ्या उभ्याच सांगतो, "गंजी जयली ना बाप्पा रात्री." लगेच प्रश्न येतो, "कोनाची?" मग "कितीक होती?" मग "काहून लागली?" आणि थोडं थांबून, जरा खालच्या आवाजात, "मंग? काही वाचलं का?" सांगणारा एकेक उत्तर देत जातो. नाल्याकाठच्या वावरातली, तीन एकराचं कापून रचलेलं सोयाबीन, सकाळी मळणी यंत्र येणार होतं, वरून विजेच्या तारा गेलेल्या, वारा सुटला, तारा घासल्या, ठिणगी पडली. पाच मिनिटांत ती गंजी सगळ्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहते आणि जळूनही जाते. सांगणाऱ्यानं जन्मात कधी निबंध लिहिलेला नसेल, परिच्छेद कसा बांधावा हे त्याला कोणी शिकवलं नसेल, पण त्याची एकही गोष्ट जागा सोडत नाही, कारण ऐकणारे ती सोडू देत नाहीत.

तोच माणूस दुसऱ्या दिवशी अर्ज लिहायला बसतो तेव्हा कागदावर साधारण हे उतरतं:

"सविनय सादर की मी वरील ठिकाणचा रहिवासी असून शेती करतो व माझी परिस्थिती गरिबीची असून परवा रात्री सोयाबीन जळाले व खूप नुकसान झाले तसेच मागील वर्षीसुद्धा पावसाने नुकसान झाले होते व तारांबाबत वारंवार सांगितले परंतु लक्ष दिले नाही व मुलीचे शिक्षण सुरू असून कर्जसुद्धा आहे तरी योग्य ती मदत मिळावी ही विनंती."

यातलं काहीही खोटं नाही. व्याकरणाच्या चुकाही शोधाव्या लागतील. पण वाचून झाल्यावर किती सोयाबीन जळालं हे कळत नाही, कुठलं वावर ते कळत नाही, आणि तारांचा त्या आगीशी काय संबंध हे तर अंदाजानंच घ्यावं लागतं. पारावर जे प्रश्न विचारले गेले त्यांतल्या एकाचंही उत्तर इथे नाही. न विचारलेल्या चार गोष्टी मात्र आहेत.

फरक कुठे पडला? भाषेत नाही, माणसातही नाही. पारावर हुंकार देणारा समोर होता. जुन्या बाया रात्री कहाणी सांगायच्या तेव्हा पोरांना आधीच बजावायच्या, "हूं म्हनत जा, नाही तं म्या थांबीन." तो हुंकार म्हणजे नुसती जाग असल्याची खूण नव्हती. एवढं पोचलं, आता पुढचं सांग, असा तो इशारा होता. कागद हूं म्हणत नाही. वाचणारा कुठे अडला, कुठे "म्हंजे?" म्हणाला, कुठे त्यानं मान डोलावली हे लिहिणाऱ्याला दिसत नाही, म्हणून ते त्याला आधीच ओळखून मांडावं लागतं. परिच्छेद ही त्या हुंकाराची जागा आहे. एक परिच्छेद संपतो तिथे वाचणाऱ्यानं मनात "मंग?" म्हणायचं असतं, आणि परिच्छेदाच्या आत प्रत्येक वाक्यानंतर "कोनाची, कितीक, काहून".

ही जागा कागदावर दिसायला लागली त्याला मराठीत फार काळ झालेला नाही. मोडीत लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि मग तिला अक्षरं टांगत जायचा. शब्द तोडलेले नाहीत, पूर्णविराम नाही, नवी ओळ नाही. विरामचिन्हं 19व्या शतकात इंग्रजीच्या वळणानं आली, त्यात कोशकार मेजर थॉमस कँडी यांचा हात मोठा. पण चिन्हं उशिरा आली म्हणून ती जाण उशिरा आली असं मानायचं कारण नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धिपूरला म्हाइंभटांनी 13व्या शतकात चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र लिहिलं, त्यातली एकेक लीळा पाहावी. स्वामी कुठे होते, कोण आलं, काय विचारलं, काय उत्तर मिळालं, संपलं. पुढच्या लीळेत पुढची गोष्ट. एका लीळेत एक प्रसंग, आणि तो ज्याच्याकडून ऐकला त्याच्या तोंडचे शब्द शक्य तितके तसेच. धुरा कुठे घालायचा हे ज्याला कळतं त्याला कोरी ओळ सोडायला कोणी शिकवावं लागत नाही.

धुरा हा शब्द इथे मुद्दाम. दोन वावरांच्या मधली ती मातीची पट्टी. तिच्यावर काही पिकत नाही, कोणी कोणी नांगरताना ती कोरत कोरत बारीक करतो आणि मग भांडणं होतात. पण ती नसली तर कोणाचं वावर कुठे संपतं हेच सांगता येणार नाही. परिच्छेदांमधली कोरी जागा अशीच रिकामी आणि अशीच कामाची.

आता त्या अर्जाकडे परत. त्यावर करायचं पहिलं काम लिहिण्याचं नाही, मोजण्याचं आहे. पेन्सिल घ्यावी आणि प्रत्येक तुकड्याच्या बाजूला समासात दोन-तीन शब्दांत लिहावं की हा कशाबद्दल आहे. मी कोण. घरची परिस्थिती. काय जळालं. मागचं वर्ष. तारा. मुलीचं शिक्षण. कर्ज. मागणी. एका वाक्यात आठ गोष्टी. मग प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायचा: हा अर्ज ज्याच्या टेबलावर जाणार त्यानं हे विचारलं असतं का? पंचनाम्याला येणारा माणूस काय जळालं आणि कशानं, एवढंच विचारणार. मागच्या वर्षीचं नुकसान इथे आलं तर उलट घोळ होतो. दोन वर्षांचे आकडे एकमेकांत मिसळतात आणि कोणत्या नुकसानीचा अर्ज हे नक्की राहत नाही. मुलीचं शिक्षण हा खरा आणि मोठा प्रश्न आहे, पण तो शिष्यवृत्तीच्या अर्जात जातो. काढून टाकायचं म्हटलं की लिहिणाऱ्याचा जीव तुटतो हे खरं. विरळणी करताना कोणाचा तुटत नाही? तरी कपाशीच्या एका फुलीवर, म्हणजे बी टोबायच्या जागी, दोनच्या वर झाडं कोणी ठेवत नाही.

उरल्या तीन गोष्टी, काय जळालं, तारा आणि मागणी, म्हणजे तीन परिच्छेद. त्यातले पहिले दोन असे होतील (तारीख-गट सगळं नमुन्यापुरतं):

"दि. 21 ऑक्टोबर रोजी रात्री 11 च्या सुमारास गट नंबर 84 मधील माझी सोयाबीनची गंजी जळाली. गंजीत 1 हेक्टर 20 आर क्षेत्रातील कापलेले सोयाबीन होते. मळणी दुसऱ्या दिवशी सकाळी ठरली होती, त्यामुळे सर्व माल गंजीतच होता. आग प्रथम शेजारच्या शेतात जागलीला असलेल्या दोघांनी पाहिली. त्यांचे जबाब सोबत जोडले आहेत. विहिरीतून बादल्यांनी पाणी आणून टाकले, परंतु तासाभरात संपूर्ण गंजी जळाली.

गंजीच्या वरून वीजवाहिनीच्या तारा जातात. या तारा दोन खांबांच्या मध्ये लोंबल्या असून वारा सुटला की एकमेकींना घासतात. त्या रात्री वारा होता, आणि आग लागण्यापूर्वी तारांतून ठिणग्या पडल्याचे वरील दोघांनी पाहिले आहे. तारा ओढून घेण्यासाठी मी यापूर्वी लेखी अर्ज दिला होता. त्याची पोचपावती सोबत आहे."

पहिल्या परिच्छेदातलं तिसरं वाक्य नीट पाहण्यासारखं आहे. गंजी जळाली, तीन एकराची होती, हे सांगून झालं. पण टेबलामागचा माणूस मनात म्हणणारच: सगळं जळालं कशावरून? निम्मं आधीच विकलं नसेल कशावरून? त्याची ही शंका तिथल्या तिथे ओळखून "मळणी दुसऱ्या दिवशी सकाळी ठरली होती, त्यामुळे" हे आलं. त्या एका "त्यामुळे"वर अख्ख्या परिच्छेदाचं वजन आहे. तो शब्द आधीच्या अर्जात नव्हता. तिथे नुसते "व" होते. "व" दोन गोष्टी शेजारी ठेवतो, त्यांचं नातं सांगत नाही. सरकारी मराठीला "व" आणि "असून" यांची इतकी सवय झाली आहे की "म्हणून" आणि "कारण" हे शब्द लोकांच्या हातून सुटत चालले आहेत. बोलताना मात्र सुटत नाहीत, हे विशेष.

"खूप नुकसान" याचंही तसंच. खूप म्हणजे कितीक? अर्ज पावसाच्या नुकसानीचा असला तर महसूल खात्याच्या लेखी 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी, आणि पिकाचं नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ते मदतीच्या हिशेबात धरतात. म्हणजे ज्याच्याकडे अर्ज जाणार तो डोक्यात आकडे घेऊनच बसलेला आहे. त्याला "मुसळधार" आणि "अतोनात" दिलं तर त्याचा हुंकार येणार नाही. एकरी किती पोती व्हायची आणि यंदा किती झाली, हे एक वाक्य दहा विशेषणांचं काम करतं.

शाळेतली परिच्छेदाची गोष्ट वेगळी, आणि तिथलं दुखणं बरोबर उलटं. अर्जात आठ गोष्टी एका वाक्यात कोंबलेल्या असतात. निबंधात एकच गोष्ट पाच वाक्यांत ताणलेली असते. "बियाणे तपासणीचे महत्त्व" असा विषय दिला की हमखास येतं ते हे: "बियाण्याची उगवणक्षमता तपासणे अत्यंत महत्त्वाचे आहे. प्रत्येक शेतकऱ्याने बियाणे तपासूनच पेरणी करावी. बियाणे तपासल्यास फायदा होतो. न तपासल्यास मोठे नुकसान होऊ शकते. म्हणून सर्वांनी बियाणे तपासावे." पाच वाक्यं आहेत, सुरुवात-शेवट आहे, "म्हणून"सुद्धा आहे. पण पहिलं वाक्य वाचल्यावर पुढच्या चारांत नवं काय कळलं? काहीच नाही. सोयाबीन कमरेएवढं माजतं, वावर लांबून हिरवंगार दिसतं आणि आत शिरून पाहिलं तर झाडाला शेंग नाही, तशातली ही वाढ.

परिच्छेद वाढवणं म्हणजे वाक्यं वाढवणं नव्हे. पहिल्या वाक्यानं जो प्रश्न उभा केला त्याची उत्तरं देत जाणं म्हणजे वाढवणं. आणि उत्तर द्यायचं तर त्या कामाची माहिती हवी, तिथे शब्दसंपत्ती कामाला येत नाही. तोच विषय, ज्यानं हे काम केलेलं आहे त्याच्या पद्धतीनं:

"घरचं सोयाबीन पेरायचं असेल तर पेरणीच्या दहा-बारा दिवस आधी त्यातले 100 दाणे काढावेत. दाणे निवडून घेऊ नयेत. पोत्यात वर, मध्ये आणि तळाशी हात घालून येतील तसे घ्यावेत, नाहीतर चांगलेच दाणे हाती लागतात आणि परीक्षा खोटी पडते. गोणपाटाचा तुकडा ओला करून पिळावा, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्यात, वर दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करावी आणि सावलीत ठेवावी. गोणपाट ओलसर राहील इतकंच पाणी रोज शिंपडावं. पाणी साचलं तर दाणे कुजतात. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उलगडून नीट कोंब आलेले दाणे मोजावेत. 70 किंवा जास्त निघाले तर एकरी 30 किलो बियाणं पुरतं. 60 निघाले तर त्याच हिशेबानं 35 किलो लागेल. त्याच्याही फार खाली गेलं तर ते बियाणं पेरण्यापेक्षा विकून टाकलेलं बरं."

इथे "महत्त्वाचे" हा शब्द एकदाही आला नाही, पण तपासणीचं महत्त्व कळलं. क्रम बघा: जसं हात करतो तसं वाक्य चालतं. पोतं, दाणे, गोणपाट, सावली, सहा दिवस, मोजणी, हिशेब. आणि "का" हा प्रश्न नेमका ज्या जागी चूक होते तिथेच येतो: दाणे निवडू नयेत, का, पाणी जास्त टाकू नये, का. बाकी पायऱ्यांना "का" लावलेला नाही, कारण गोणपाट पिळायचं का हे कोणी विचारत नाही. कृती सांगणाऱ्या परिच्छेदात प्रत्येक पायरीला कारण जोडलं तर वाचणारा दमतो, एकालाही जोडलं नाही तर तो कुठेतरी चुकतो. जिथे माणूस चुकतो तिथेच कारण टाकावं. हे कोणत्याही पुस्तकातून ठरवता येत नाही, त्यासाठी काम माहीत असावं लागतं.

यात एक धोका आहे. माहिती असलेला माणूस थांबत नाही. उगवणीवरून तो पेरणीवर जातो: 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण काढू नये, दाणा तीन-चार सेंटिमीटरच्या खाली जाऊ नये, पोतं आपटू नये कारण सोयाबीनचं साल पातळ असतं. सगळं बरोबर आहे, पण पाऊस आणि खोली हे पेरणीच्या वावरातलं आहे, तपासणीच्या नाही. धुरा तिथे पडतो. पोतं न आपटण्याची गोष्ट मात्र इकडे घेता येते, कारण आपटलेल्या पोत्यातूनच 100 पैकी 50 निघतात. समासात लिहिलेलं नाव पुन्हा पाहायचं: "उगवण तपासणी". नव्या वाक्याचा त्या नावाशी संबंध एका श्वासात सांगता येत असेल तर ते आत, नाहीतर धुऱ्यापलीकडे. आणि नाव लिहितानाच "आणि" वापरावा लागला, म्हणजे "उगवण तपासणी आणि पेरणी", तर तो परिच्छेद दोन वावरांचा आहे हे तिथेच ओळखावं.

पहिल्या वाक्याबद्दल थोडं. "पाणी म्हणजे जीवन", "शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे", "आजच्या धकाधकीच्या युगात" ही वाक्यं कोणत्याही परिच्छेदाच्या डोक्यावर बसतात, म्हणूनच ती कोणत्याच परिच्छेदाची नसतात. पहिलं वाक्य खोडून बघावं. बहुतेक वेळा दुसरं वाक्यच खरी सुरुवात असते. पहिल्या वाक्यात वाचणाऱ्याला एक खुंटी मिळाली पाहिजे, जिला पुढचं सगळं टांगता येईल, आणि खुंटी जितकी नेमकी तितकं बरं. "संत्र्याला पाणी महत्त्वाचं" यापेक्षा "संत्र्याला बहार आणायचा तर आधी त्याचं पाणी तोडावं लागतं" हे वाक्य चांगलं, कारण ते वाचून कोणीही विचारणार: पाणी तोडून बहार कसा येतो? आता परिच्छेदाला वाढण्यावाचून गत्यंतर नाही. झाडाला ताण बसतो, पानं मलूल होऊन गळायला लागतात, नवी पालवी थांबते, आणि मग पाणी सोडलं की झाड फुलांवर येतं. हलक्या जमिनीत हा ताण लवकर बसतो, काळ्या भारी जमिनीत उशिरा, कारण ओल आत टिकून असते. मध्येच पाऊस आला तर ताण तुटतो आणि फुलांऐवजी पानं फुटतात. पहिलं वाक्य प्रश्न विचारायला लावणारं असलं की बाकीचं आपसूक रांगेत येतं.

रांग टिकवायला मराठीनं काही हत्यारं दिली आहेत. ती आपण बोलताना सहज वापरतो आणि लिहिताना विसरतो.

मराठी वाक्यात नवी गोष्ट बहुधा क्रियापदाच्या आधी, शेवटाकडे येते. ती पुढच्या वाक्याच्या तोंडाशी घेतली की साखळी तयार होते. "वावराच्या खालच्या अंगाला नाला आहे. नाल्याला पूर आला की पाणी तुरीत शिरतं. शिरलेलं पाणी चार-चार दिवस निघत नाही. एवढ्या दिवसांत तुरीच्या मुळ्या सडतात आणि झाड उभ्या उभ्या वाळतं." जोडणारा शब्द जवळपास नाही, तरी एकही वाक्य काढता येत नाही आणि मागेपुढेही करता येत नाही. हीच चार वाक्यं उलटीपालटी करून बघावीत, लगेच "म्हंजे?" येतो.

दुसरं हत्यार लिंगाचं. कापूस तो, कपाशी ती, सोयाबीन ते. "कापूस वेचला आणि सोयाबीन काढलं, ते घरी आणलं, तो वावरातच राहिला" यात घोळ नाही, कारण "तो" कोण आणि "ते" कोण हे आपोआप कळतं. पण कपाशी आणि तूर या दोघी "ती". "कपाशीत तूर घेतली होती, पण ती गेली" म्हटल्यावर कोण गेली? अशा ठिकाणी न लाजता नाव परत घ्यावं. पुनरुक्ती टाळा असं शाळेत शिकवतात, आणि त्या भीतीनं एकाच परिच्छेदात "वावर", "शेत", "जमीन" आणि "क्षेत्र" असे चार शब्द येतात. लिहिणाऱ्याला वाटतं भाषा सजली. वाचणाऱ्याला वाटतं चार वेगवेगळ्या जागा आहेत. वस्तू एक असेल तर शब्दही एकच ठेवावा. वावर म्हटलंत तर शेवटपर्यंत वावर. कागदपत्रात "सदर" हा शब्दही याच घोळाचा धनी आहे. मागच्या ओळीत गट, गंजी आणि तार अशा तीन गोष्टी असल्या की "सदर बाबत" म्हणजे कोणाबाबत?

तिसरं हत्यार इतकं लहान आहे की दिसत नाही: "ही" आणि "च". "तूर गेली" हे वाक्य कुठेही बसतं. "तूरही गेली" म्हटलं की आधी आणखी काहीतरी गेलेलं असलं पाहिजे. "तूरच गेली" म्हटलं की बाकीचं वाचलेलं असलं पाहिजे. म्हणजे एका अक्षरावरून मागच्या अख्ख्या परिच्छेदाची परीक्षा होते. तुमच्या परिच्छेदात "तूरही" असेल आणि त्याआधी काहीच गेलेलं नसेल, तर मधलं एखादं वाक्य तुमच्या डोक्यातच राहिलं, कागदावर आलं नाही असं समजावं.

आणि "तसेच". हा शब्द वाईट नाही, पण तो आळशी माणसाचा सोबती आहे. तपासणी सोपी आहे: जिथे "तसेच" लिहिलंय तिथे एकदा "म्हणून" घालून वाचावं, एकदा "पण", एकदा "कारण". यातलं एखादं नीट बसलं तर तेच ठेवावं. नातं होतं, तुम्ही ते सांगितलं नव्हतं. एकही बसलं नाही तर बहुधा तिथे नवा परिच्छेदच हवा. क्वचित खरोखरच दोन सारख्या गोष्टी शेजारी असतात, तेव्हा "तसेच" राहू द्यावं.

किती लांब? साध्या माहितीच्या लेखनात पाच ते आठ वाक्यं, साधारण 80 ते 120 शब्द, हे माप बहुतेक वेळा पुरतं. मोबाईलवर एवढ्यात पडदा भरतो. म्हणूनच की काय, हल्ली प्रत्येक वाक्यानंतर ओळ सोडायची पद्धत पडली आहे. एक वाक्य. कोरी ओळ. एक वाक्य. कोरी ओळ. वाचायला सोपं वाटतं, पण त्यात कोणतं वाक्य कोणाला टेकून उभं आहे हे ठरवायचं काम वाचणाऱ्यावर पडतं. गोंदिया-भंडाऱ्याकडे धान दोन रीतींनी लावतात. आवत्या म्हणजे बी नुसतं फोकून द्यायचं, रोवणा म्हणजे पऱ्ह्यातून, म्हणजे रोपवाटिकेतून, रोप काढून हातानं एकेक चिखलात लावायचं. आवत्याला मेहनत कमी, पण पुढे निंदणाला, म्हणजे तण काढताना, कंबर मोडते. एकेका वाक्याचे परिच्छेद हा आवत्या आहे. एखादं वाक्य एकटं उभं राहू शकतं, जर त्याच्या आधीच्या परिच्छेदानं त्याला उभं राहायला जागा करून दिली असेल. दर ओळीला तसं करायला गेलं की कोणतंच एकटं दिसत नाही.

बोलीचा प्रश्न हमखास निघतो. वऱ्हाडीत लिहावं की प्रमाण मराठीत? माझ्या मते परिच्छेदाचा आणि याचा फारसा संबंध नाही. "काहून" विचारा नाहीतर "का" विचारा, उत्तर जागेवर आलं पाहिजे. फक्त एका परिच्छेदात दोन तऱ्हा मिसळू नयेत: "गंजी जळाली" आणि पुढच्याच वाक्यात "सोयाबीन जयलं" असं झालं की वाचणाऱ्याचं लक्ष गोष्टीवरून उडून शब्दावर जातं. अपवाद तिथल्या वस्तूंच्या नावांचा. धुरा, फरदड (वेचणी झाल्यावरही राखलेली कपाशी), डवरणी (पिकाच्या ओळींमधली मशागत), पऱ्हाटी यांना प्रमाण मराठीत तोलामोलाचे शब्द शोधत बसू नये. "पऱ्हाटी"च्या जागी "कपाशीच्या वाळलेल्या झाडांचे अवशेष" लिहिलं तर वाक्य लांबतं आणि चित्र पुसतं. वाचणारा बाहेरचा असेल तर पहिल्यांदा तो शब्द येतो तिथे चार शब्दांत सांगून टाकावं, पुढे खुशाल वापरावा.

लिहून झाल्यावरची तपासणी डोळ्यांनी करू नये. आपलं लिहिलेलं डोळ्यांना पाठ असतं. गाळलेलं वाक्यही त्यांना दिसतं. ज्याला विषय माहीत नाही अशा माणसाला समोर बसवावं आणि मोठ्यानं वाचावं, हातात पेन्सिल. तो "कोनाची?" म्हणाला की तिथे नाव राहिलं आहे. "कितीक?" म्हणाला की आकडा. "काहून?" म्हणाला की "कारण" किंवा "त्यामुळे". "म्हंजे?" म्हणाला की दोन वाक्यांमधलं एक वाक्य गळालं आहे. "हे तं सांगतलं ना आत्ता," असं म्हणाला की तिथे खोडायचं आहे, आणि हे ऐकणं सगळ्यात जड जातं. तो खिडकीबाहेर बघायला लागला तर मागच्या दोन-तीन ओळींत "अत्यंत", "महत्त्वाचे", "विविध", "इत्यादी" यांपैकी कोणीतरी बसलेलं असेल. "इत्यादी"ची तर झडतीच घ्यावी: त्याच्या मागे खरंच आणखी दोन नावं आहेत का? असतील तर लिहावीत, नसतील तर शब्द काढावा.

शेवटच्या वाक्यावर पेन्सिल सगळ्यात जास्त वेळा थांबते. परिच्छेद संपताना लिहिणाऱ्याचा हात आपोआप "एकंदरीत", "अशा प्रकारे", "थोडक्यात सांगायचे तर" याकडे वळतो. गंजीच्या परिच्छेदाला "अशा प्रकारे माझे अतोनात नुकसान झाले" असं शेपूट लावून बघावं. "तासाभरात संपूर्ण गंजी जळाली" यापुढे ते वाक्य काय देतं? वाचणारा जळालेल्या गंजीजवळ उभा होता, त्याला हाताला धरून परत ऑफिसात आणून बसवतं, एवढंच. खोडून टाकावं. खोडल्यावर उरलेलं शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचून समोरच्याकडे बघावं. तो "मंग?" म्हणाला की ओळ सोडायची आणि तारांचा परिच्छेद सुरू करायचा.